‘तर’च्या पुढे

आमच्या सांगलीत पावसाळा रंगात आला की माणसं अटी घालून बोलायला लागतात. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर आलं तर गाद्या-कपाटं माळ्यावर. ४५ वर गेलं तर म्हातारी माणसं आणि जनावरं आधी हलवायची. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली तर गाडीची टाकी भरून, तिचं तोंड विश्रामबागेकडे करून ठेवायची. पुलाच्या कठड्याशी छत्र्या धरून उभी राहिलेली माणसं पाण्याचा आकडा वाचतात आणि घरी फोन लावून वाक्याचा पुढचा भाग कळवतात. पाणी कुठवर चढलं की कुणाच्या उंबऱ्याला लागतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. अट आली की पाठोपाठ परिणाम येतो, त्यात कुणाला शंका नसते.

पाणी उतरलं की हीच माणसं वेगळं बोलतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर चढलेलं पाणी ओसरलं, दारं उघडली, फुगून फाटलेली प्लायवुडची कपाटं रस्त्यावर आली. चिखल ओढता ओढता जो तो म्हणत होता, आदल्या दिवशीच निघालो असतो तर. वरून आधीपासून थोडं थोडं सोडलं असतं तर. सासऱ्यांनी जोतं आणखी दोन पायऱ्या चढवलं असतं तर. एवढं म्हणून माणूस पुन्हा खराट्याला लागायचा. ‘तर’च्या पुढे काय, ते कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

या दोन तऱ्हांना इंग्रजी व्याकरणात वेगवेगळे खण आहेत, हे सध्या रोज माझ्या कानावर पडतं. बहिणीची मुलगी अकरावीला माझ्याकडे राहते. रात्रीची भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर तिची वही उघडते. कल्पित अटींच्या वाक्यांचा सराव चालू आहे. बाईंनी चार खणांचा तक्ता करून दिलाय: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल. झिरोत पाणी शंभर अंशांना उकळतं. फर्स्टमध्ये उद्या पाऊस आला तर आम्ही घरी थांबू. सेकंडमध्ये मला पंख असते तर मी उडाले असते. थर्डमध्ये तू अभ्यास केला असतास तर पास झाला असतास. शून्याकडून तिसऱ्याकडे जावं तसं माणसाच्या हातातलं एकेक सुटत जातं. शून्यात निसर्गाचा कायदा आहे, पहिल्यात उद्याची आशा, दुसऱ्यात नुसती हौस. तिसऱ्यात काहीच उरत नाही, तिथलं सगळं होऊन गेलेलं. आणि याच काहीच न उरलेल्या खणासाठी इंग्रजीने सगळ्यात लांबलचक क्रियापद राखून ठेवलंय. हॅड, मग क्रियापदाचं तिसरं रूप, मग वुड, मग हॅव, मग पुन्हा तिसरं रूप. इथे आलं की भाचीचा हात मंदावतो.

परवा ती एका वाक्यापाशी अडून बसली होती. इफ आयड नोन, आयड हॅव कम. बोलताना इंग्रज माणूस हॅडही गिळतो आणि वुडही गिळतो, दोन्हीकडे वर एक टिंब टांगलेला तोच ‘ड’ उरतो. त्या दोन ‘ड’ची पूर्ण रूपं लिहायची होती. तिने दोन्हींभोवती पेन्सिलीने गोल काढले, वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटली आणि म्हणाली, “मावशी, कानाला तर एकच लागतं. मग त्यांना कळतं कसं?” मी म्हटलं, इफच्या शेजारी बसलाय तो हॅड, हॅवच्या शेजारचा वुड. शेजार बघायचा. तिला ते पटलं. मग तिने मधला स्वल्पविराम ठळक केला. इफ आधी आला तर मध्ये स्वल्पविराम, मागून आला तर नाही, हाही एका मार्काचा मामला आहे. अट आधी सांगितली की परिणामाआधी पळभर थांबायचं.

सेकंड कंडिशनलमधली गंमत वेगळी. आज नसलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर इंग्रजी क्रियापद भूतकाळात नेऊन ठेवते. इफ आय हॅड अ कार, यातली गाडी काल होती आणि आज विकली असं नाही. ती कधी नव्हतीच. भाचीला हे पहिल्यांदा लबाडीचं वाटलं. मी तिला म्हटलं, आपण तरी काय करतो? ‘माझ्याकडे गाडी असती तर’ म्हणताना आपणही सरळ रस्ता सोडतोच. जे नाही त्याच्याकडे थेट बघता येत नसावं. दोन पावलं मागे सरकलं की ते दिसायला लागतं. त्यात पुन्हा ‘आय’ला वॉज लावायचं नाही, वेअर लावायचं. बोलताना वॉज सर्रास चालतं, पेपरात वेअर लिहिलेलं बरं. इफ आय वेअर यू. हे वाक्य मात्र तिला शिकवावं लागलं नाही. मी तुझ्या जागी असते ना, असं म्हणत आमच्याकडच्या आत्या, मावश्या आणि शेजारणी तिला लहानपणापासून उपदेश करत आल्यात. वाक्याचा पूर्वार्ध अगदी नम्र असतो आणि उत्तरार्धात हुकूम असतो.

खरं तर आपल्याकडे जर-तरला फारशी किंमत नाही. मोठी माणसं हात झटकून म्हणतात, जर-तरच्या गोष्टी सोडा. कुणी फारच कल्पनेत रमला तर त्याच्या तोंडावर म्हण मारतात: आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. ही म्हण मी भाचीला सांगितली तेव्हा तिने हसत हसत वहीत उतरवून घेतली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, “पण हे सेकंड कंडिशनल अगदी बरोबर आहे. अट खोटी, परिणाम पूर्ण.” जर-तरची टिंगल करणारी म्हण स्वतः जर-तरच्या साच्यात ओतलेली आहे आणि चोख ओतलेली आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. गावातल्या शहाण्या माणसांनी कल्पनेला नावं ठेवली, पण नावं ठेवायलाही कल्पनेचंच वाक्य घेतलं.

व्याकरणकारांनी मात्र या वाक्यांना मानाने घरात घेतलं. मराठीच्या व्याकरणात आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्या पंगतीला संकेतार्थ बसतो. शाळेत त्याचं ठरलेलं उदाहरण असायचं, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. संस्कृतात याच कामासाठी लृङ् नावाचा वेगळा लकार आहे. पाणिनीने त्याची जागा ठरवून दिली: क्रिया घडायची राहून गेली असेल तिथे हे रूप वापरावं. कौमुदी या व्याकरणग्रंथात त्याचं उदाहरण आहे, त्याचा अर्थ असा की चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता. हा लकार बिचारा फारसा कुणी वापरत नाही. अख्ख्या ऋग्वेदात त्याचं एकच रूप सापडतं. भाचीच्या इंग्रजी वहीतही फर्स्टचं वाक्य पावसाचं. एवढ्या दूरदूरच्या व्याकरणांनी नेमका पाऊसच का निवडावा? कदाचित असं असेल की, ज्याच्यावर सगळं अवलंबून आणि ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, अशी दुसरी वस्तू त्या पंडितांना चटकन सापडली नसेल. नाही तर त्यांच्याही घरी कुणी तरी ओसरीवर बसून आभाळाकडे बघत तेच म्हणत असेल.

आमच्या शाळेत कल्पनेला एक अधिकृत जागा होती: कल्पनाप्रधान निबंध. परीक्षा नसत्या तर. घड्याळ नसतं तर. आरसा नसता तर. सूर्य उगवलाच नाही तर. पाच मार्कांचा प्रश्न आणि एका पानाची मोकळीक. पहिल्या परिच्छेदात आम्ही परीक्षा बंद करून टाकायचो, दुसऱ्यात सगळी मुलं दिवसभर विटी-दांडू खेळायची. तिसऱ्या परिच्छेदापासून मात्र बाईंचा धाक जाणवायला लागायचा. परीक्षा नसत्या तर हुशार कोण आणि ढ कोण हे कसं कळलं असतं? डॉक्टर कसे झाले असते? मग शेवटी ठरलेलं वळण: छे, नकोच ती कल्पना, परीक्षा हव्यातच. ज्यांना तेवढाही युक्तिवाद सुचत नसे त्यांच्यासाठी आई होती. तेवढ्यात आईने हाक मारली आणि माझी तंद्री भंगली. महाराष्ट्रभरच्या आया त्या काळात नेमक्या निबंधाच्या शेवटच्या ओळीत हाका मारत होत्या. कल्पनेला एक पान फिरवून आणायचं आणि अंधार पडायच्या आत घरी आणून सोडायचं, अशी ती शिस्त होती.

म्हणजे आपली जर-तरची वाक्यं दोनच वाटांनी जातात असं मला वाटायला लागलंय. एक तर ती ‘तर’पाशी येऊन थांबतात, नाही तर बोध घेऊन परत फिरतात. घरातली बहुतेक पहिल्या वाटेची. तेव्हा पुण्यात जागा घेतली असती तर. तिचं लग्न त्या बँकवाल्याशी झालं असतं तर. आज बाबा असते तर. असं कुणी म्हटलं की समोरचा मान हलवतो, चहाचा कप उचलतो, आणि ते अर्धं वाक्यच पूर्ण समजलं जातं. त्याचा उत्तरार्ध विचारणं शिष्टाचारात बसत नाही. बाबा असते तर काय, असं कोण विचारणार? भाचीच्या वहीत मात्र या अर्ध्या वाक्याला शून्य मार्क. तिथे कितीही खोटी अट घाला, बाई काही म्हणत नाहीत. पण तिचा परिणाम योग्य काळात, योग्य क्रियापदासह लिहून पूर्णविराम द्यावाच लागतो. बोध लिहायची सोय नाही आणि हाक मारायला आई नाही.

तिच्या हॉर्नबिल नावाच्या पाठ्यपुस्तकात जयंत नारळीकरांची एक गोष्ट आहे. इंग्रजीत तिचं नाव ‘द अ‍ॅडव्हेंचर’, मराठीत ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. कल्पित अटींच्या वाक्यांचा स्वाध्याय याच धड्याखाली येतो, हा योग मला फार आवडला. नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच, आणि मराठी माणसाचा सगळ्यात मोठा ‘तर’ त्यांनी या गोष्टीत घेतलाय. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपण जिंकलो असतो तर. अडीचशे वर्षांहून जास्त काळ आपण हे वाक्य ‘तर’पर्यंत आणतो आणि सोडून देतो. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर. व्याख्यानमालांमध्ये या वाक्याला टाळ्या पडतात.

नारळीकरांनी उत्तरार्ध लिहिला. त्यांच्या गोष्टीतली गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात, आणि प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या जिंकलेल्या इतिहासात जाऊन पडतात. ते पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. तिथे कंपनी सरकार अजून आहे. गाडीच्या डब्यांवर छोटे युनियन जॅक रंगवलेले आहेत. दिल्लीपर्यंत मराठ्यांचा दरारा बसलेला, देश स्वतःच्या पायावर उभा. इथवर वाचताना छाती फुगते. मग गंगाधरपंत आपल्या मुलाच्या ऑफिसात जाऊन त्याची चौकशी करतात. नोंदवहीत बघून त्यांना सांगितलं जातं की या नावाचं इथे कुणी काम करत नाही. पुढे ते आझाद मैदानावरच्या एका सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून व्यासपीठावर चढतात. आपल्या जगात त्यांनी ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं, हजारावी सभा पानिपतावरच्या परिषदेत व्हायची असते. पण त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषणं कधीच मोडीत काढलेली आहेत. गंगाधरपंतांवर टोमॅटो आणि अंडी येतात.

भाचीला टोमॅटोंचं हसू आलं, पण ती मुलापाशी अडकली. “म्हणजे पानिपत जिंकलं आणि मुलगा गेला?” मी म्हटलं, गेला असंही नाही. तो तिथे कधी नव्हताच. “मग त्यांनी कशाला जिंकलं?” या प्रश्नावर मला काही बोलता आलं नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की गोष्टीत परत आलेले गंगाधरपंत पानिपतच्या परिषदेला येत नसल्याचं कळवून टाकतात. ‘तर’च्या पुढचं ज्याने बघितलं, त्याची ‘तर’वर बोलायची हौस गेली.

भाचीला आणखी एक शंका आली. पानिपत जिंकलं असतं तर आपल्याला इंग्रजी शिकावी लागली असती का? तिने तेच वाक्य इंग्रजीत करायला घेतलं आणि तक्त्यात त्याचा खण सापडेना. अट १७६१ मधली आणि परिणाम आत्ता, या टेबलावरचा. अर्धं थर्ड, अर्धं सेकंड. याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात, ते तुमच्या तक्त्यात नाही, असं मी सांगितलं. “पण सगळी खरी वाक्यं तर अशीच असतात,” ती म्हणाली. नारळीकरांच्या गोष्टीपुरतं उत्तर तिने स्वतःच शोधलं: तिथेही मुंबईत कंपनी होती, म्हणजे इंग्रजी चुकली नसती.

बाईंनी घरच्या आयुष्यातली वाक्यं करून आणायला सांगितली होती. तिच्या घरी एक वाक्य तयारच आहे. तासगावच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग होती. ऑक्टोबर छाटणीनंतर लागोपाठ काही वर्षं अवकाळी पावसाने गाठलं. कधी फुलोऱ्यात डावणी, कधी घड जिरले, कधी काढणीला आलेले मणी तडकले. भाची लहान असतानाच तिच्या आजोबांनी बाग विकली. तेव्हापासून त्या घरात ‘बाग असती तर’ हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतं. दिवाळीला पाहुणे आले की म्हणतात, बेदाण्याचे भाव पेपरात आले की म्हणतात. आजी तर नुसतं ‘बाग असती’ एवढंच म्हणते, तिला ‘तर’ही लागत नाही. भाचीने तेच वाक्य घेतलं आणि परीक्षेच्या नियमाप्रमाणे पुरं केलं. आजोबांनी बाग विकली नसती तर मला पहाटे पाचला उठून फवारणीला जावं लागलं असतं, आणि मी सांगलीला शिकायला आले नसते. हॅड, वुड हॅव, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी.

मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, हे तिच्या घरी दाखवायला नको. पण रविवारी दाजी तिला तांदूळ आणि कपडे द्यायला आले आणि वही टेबलावर उघडीच होती. दाजींनी सावकाश, ओठ हलवत वाक्य वाचलं. मी चहा टाकायच्या निमित्ताने उठणार तोच ते म्हणाले, “हे चुकलंय.”

“कुठे पपा? टेन्स बरोबर आहे.”

“टेन्सचं मला काय कळतंय. पाच कुठनं काढलेस? छाटणीनंतर पाऊस लागला की घड्याळ बघायचं नसतं. उघडीप मिळाली की रात्री दोनला पण ब्लोअर जोडायचा. आणि बाग असती तरी तुला शिकायला पाठवलीच असती.”

“पैसे कुठून आणले असते?”

“बेदाण्याचे आले असते की.”

“त्या वर्षी भाव नव्हता असं आजोबा म्हणतात.”

दाजींनी खुर्ची ओढली आणि तिच्याच पेन्सिलीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला घेतला. एकरी किती, औषधाला किती, सोसायटीचं व्याज किती. इतक्या वर्षांत त्या बागेचा हिशेब त्यांनी कुणासमोर मांडल्याचं मी बघितलं नव्हतं. मध्येच बहिणीचा फोन आला. काय चाललंय विचारल्यावर भाचीने स्पीकर लावून अख्खं वाक्य वाचून दाखवलं. पलीकडून बहीण म्हणाली, “आणि बाग असती तर मी अंगणवाडीची नोकरी धरली नसती, तेही लिही की.”

दाजींची पेन्सिल थांबली. “का नसती धरली?”

“कुणी धरू दिली असती?”

हेही थर्ड कंडिशनल होतं, फक्त प्रश्नार्थक. एका अटीला आता चार-पाच उत्तरार्ध लागले होते, एक दुसऱ्याशी जुळत नव्हता, आणि व्याकरणाच्या हिशेबाने सगळेच बरोबर होते. भाचीने वही आपल्याकडे ओढली आणि विचारलं, “मग यातलं बाईंना कुठलं दाखवू?” त्यावर दोघंही एकदम बोलायला लागले, एक फोनवरून आणि एक टेबलावरून.